'दाऊ' आणि 'यी' : इंग्रजीचे हरवलेले एकेरी आणि मराठी भाषांतरकाराचा कान

इंग्रजीतील जुन्या संहिता शिकविताना किंवा मराठीत आणताना ज्या शब्दांचा सर्वांत कमी विचार होतो, त्यांत 'दाऊ' आणि 'यी' ह्या दोन द्वितीयपुरुषी सर्वनामांचा क्रम बराच वर लागेल. त्यांचा अर्थ सर्वांना ठाऊकच आहे, असे गृहीत धरलेले असते. दोन्ही शब्द आर्ष, दोन्ही बायबलात आणि शेक्सपियरमध्ये आढळणारे, दोन्हींच्या जागी आज 'यू' वापरतात; एवढ्या माहितीच्या शिदोरीवर विद्यार्थी पदव्युत्तर वर्गापर्यंत येऊन पोहोचतो. पुढे ह्या माहितीत एका समजाची भर पडते. हे शब्द जुने आणि गंभीर आहेत, प्रार्थनेत आणि उदात्त काव्यात येतात, त्या अर्थी ते आदराचे असले पाहिजेत, असा तो समज. मग 'दाऊ' दिसला की भाषांतरात 'आपण' अवतरते, क्रियापदे भारदस्त होतात आणि वाक्याला दरबारी झूल चढविली जाते.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. 'दाऊ' हे इंग्रजीचे 'तू' होय. लेकराला, चाकराला, जिवलगाला, शत्रूला आणि देवाला ज्या शब्दाने हाक मारावी, तो हा शब्द. 'यी' हे मुळात 'तुम्ही'. अनेकांना उद्देशून वापरावयाचे, आणि पुढे एका मान्य व्यक्तीलाही आदराने लावले गेलेले. ह्या दोहोंमधील भेद वचनाचा आहे, नंतरच्या काळात तो पायरीचा आणि भावनेचाही झाला. परंतु 'दाऊ' अधिक आदराचा आणि 'यी' कमी आदराचा, असा तो भाषेच्या जिवंतपणी कधीच नव्हता.

हा घोटाळा एखाद्या इंग्रज विद्यार्थ्याने केला तर तो समजण्यासारखा आहे. त्याच्या भाषेतून एकेरी सर्वनाम गेले त्याला तीन शतके होऊन गेली. त्याच्या कानाला 'दाऊ' हा केवळ प्रार्थनामंदिरातील शब्द वाटला, तर त्याला बोल लावता येत नाही. मराठी वाचकाचे तसे नाही. 'एकेरीवर येणे' म्हणजे काय, हे ज्याला कोशात पाहावे लागत नाही, बसमधील भांडणात 'अहो'चे 'अरे' कोणत्या क्षणी झाले हे ज्याला पाठ फिरवूनही कळते, त्याने एकेरी हरवून बसलेल्या भाषेकडून 'दाऊ'चा अर्थ उसना घ्यावा, हे विपरीत आहे. शेक्सपियरच्या प्रेक्षकाला जे ऐकू येत होते, ते आजच्या लंडनकराला टीपा वाचून समजून घ्यावे लागते. सांगलीच्या किंवा अमरावतीच्या विद्यार्थ्याला ते थेट ऐकू येऊ शकते. अट एवढीच, की त्याला तसे सांगितले गेले पाहिजे.

व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले तर ही दोन सर्वनामे मराठी अभ्यासकाला परकी वाटण्याचे कारणच नाही. जुन्या इंग्रजीतील 'थू' हा संस्कृत 'त्वम्', लॅटिन 'तू' आणि मराठी 'तू' ह्यांचा सख्खा भाऊबंद. 'यी'चे जुने रूप ('गे' असे लिहिले जाणारे आणि 'ये'सारखे उच्चारले जाणारे) संस्कृत 'यूयम्'च्या कुळातील. जुन्या इंग्रजीत ह्या दोहोंच्या मध्ये द्विवचनाचे स्वतंत्र सर्वनामही होते, संस्कृतातील 'युवाम्'सारखे. ते तेराव्या शतकाच्या सुमारास लोपले. म्हणजे 'त्वम्, युवाम्, यूयम्' ही तिपेडी वेणी एकेकाळी इंग्रजीतही होती. पुढे दोन्ही भाषांच्या वाटा कशा फिरल्या, हे पाहणे मनोरंजक आहे. पाली-प्राकृतात एकवचनाच्या 'त'काराने अनेकवचनावर आक्रमण केले. 'यूयम्'च्या जागी 'तुम्हे' आले आणि त्याचेच मराठीत 'तुम्ही' झाले. इंग्रजीत अनेकवचनाने एकवचन गिळले. मराठीत जुना 'य' गेला, इंग्रजीत जुना 'त' गेला.

रूपांची व्यवस्था थोडक्यात सांगता येण्याजोगी आहे. एकवचनात कर्ता 'दाऊ', कर्म 'दी', स्वामित्वदर्शक 'दाय' आणि 'दाइन'. अनेकवचनात कर्ता 'यी', कर्म 'यू', स्वामित्वदर्शक 'युअर'. आजचे सर्वत्र संचार करणारे 'यू' हे मूळचे 'यी'चे कर्मरूप आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. 'तुम्ही' हे रूप नाहीसे होऊन 'तुम्हांला' हेच कर्त्याच्या जागी येऊन बसावे, तसे हे घडले. सोळाव्या शतकात ही सरमिसळ वाढत गेली आणि १६०० च्या आसपास बोलण्यात 'यू'ची सरशी झाली. 'दाऊ'बरोबर क्रियापदही बदलते, त्याला 'स्ट' किंवा 'एस्ट' असा प्रत्यय लागतो, तर 'यी'बरोबर साधे रूप येते. 'हॅथ' आणि 'डथ' ही रूपे तृतीयपुरुषाची. ती 'दाऊ'ला जोडून जुनेपणाचा आव आणणारी वाक्ये विनोदी लेखनात आणि कधी कधी गंभीर लेखनातही दिसतात.

येथे एका तोतयाची ओळख करून देणे आवश्यक आहे. इंग्लंडातील जुनाट थाटाच्या दुकानांवर आणि खानावळींवर 'यी ओल्ड' अशी जी अक्षरे रंगविलेली असतात, त्यांतील 'यी' हे सर्वनाम नव्हेच. ते 'द' हे उपपद आहे. जुन्या इंग्रजीत 'थ' आणि 'द' ह्या ध्वनींसाठी 'थॉर्न' नावाचे स्वतंत्र अक्षर होते. हस्तलिखितांत त्याचे वळण 'वाय'सारखे दिसू लागले, आणि युरोपखंडातून आलेल्या मुद्रणाच्या खिळ्यांत ते अक्षर नसल्यामुळे त्याच्या जागी 'वाय' बसविला गेला. वाचणारे तेव्हाही ते 'द' असेच वाचीत. पाटीवरचा हा 'यी' म्हणजे लिपीतील अपघात आहे आणि बायबलातील 'यी'शी त्याचा काडीचा संबंध नाही.

एका व्यक्तीला अनेकवचनाने संबोधण्याची रीत इंग्रजीत फ्रेंचांच्या संगतीने, तेराव्या शतकापासून आली. फ्रेंचांनी ती लॅटिनकडून घेतली होती. रोमच्या सम्राटांना अनेकवचनाने संबोधण्याचा प्रघात चौथ्या शतकापासून दिसतो. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन ह्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात युरोपीय भाषांतील ह्या सर्वनामांचा विचार सत्ता आणि सलगी ह्या दोन अक्षांवर केला आणि समाजभाषाविज्ञानाला एक टिकाऊ चौकट दिली. सत्तेच्या अक्षावर वरचा माणूस खालच्याला एकेरी संबोधतो आणि स्वतः मात्र अनेकवचन घेतो. सलगीच्या अक्षावर दोघेही एकच सर्वनाम वापरतात. जवळचे असतील तर एकेरी, दूरचे असतील तर आदरार्थी. मराठी वाचकाला ह्यात नवे काही नाही. मालक आणि गडी, सासरा आणि सून, दोन बालमित्र, पहिल्यांदाच भेटलेले दोन प्राध्यापक, ह्यांच्या बोलण्यात ती चौकट रोज भरलेली असते.

ह्या सर्वनामाला इंग्लंडात किती धार होती, ह्याचे प्रत्यंतर न्यायालयातही मिळते. १६०३ साली विंचेस्टर येथे सर वॉल्टर रॅले ह्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक ह्यांनी भर न्यायसभेत त्यांच्यावर 'दाऊ'चा मारा केला. रॅले सरदार पदवीचे. त्यांना एकेरी संबोधणे हाच एक घाव होता. त्याच सुमारास लिहिल्या गेलेल्या 'ट्वेल्फ्थ नाइट' ह्या सुखात्मिकेच्या तिसऱ्या अंकात द्वंद्वाचे आव्हानपत्र कसे लिहावे, ह्याचा उपदेश सर टोबी आपल्या भोळ्या मित्राला करतो. प्रतिस्पर्ध्याला तीनेक वेळा एकेरी संबोध, बिघडणार नाही, असे तो सुचवितो. ह्या ठिकाणी 'दाऊ' म्हणजे 'आपण' असे मानणाऱ्या वाचकाला तो विनोद कळणारच नाही. उलट पत्रात शिष्टाचार पाळण्याचा सल्ला दिला जात आहे, असे त्याला वाटेल.

ह्याच सर्वनामासाठी माणसांनी मारही खाल्ला आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर जॉर्ज फॉक्स आणि त्यांचे क्वेकर अनुयायी ह्यांनी राजापासून रंकापर्यंत प्रत्येक एकट्या माणसाला 'दाऊ'च म्हणायचे, असा नेम केला. एकाला अनेकवचन लावणे हे असत्यही आहे आणि माणसामाणसांत उच्चनीच मानणारेही आहे, अशी त्यांची भूमिका होती. १६६० साली फॉक्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अनेक भाषांतील एकवचन-अनेकवचनाचे दाखले देणारा एक जाडजूड ग्रंथच ह्या मुद्द्यावर छापला. व्याकरणाच्या एका नियमासाठी शिक्षा सोसणारा पंथ जगात विरळाच. गंमत अशी, की त्यांच्या आग्रहामुळे 'दाऊ'चे पुनरुज्जीवन होण्याऐवजी तो शब्द एका पंथाची खूण बनला आणि इतरांनी तो वापरण्याचे टाळण्यास आणखी एक कारण मिळाले. अठराव्या शतकात प्रमाण इंग्रजीच्या बोलण्यातून 'दाऊ' जवळजवळ संपला. उत्तर इंग्लंडच्या, विशेषतः यॉर्कशायरच्या बोलीत तो पुढेही टिकला. अन्यत्र प्रार्थना आणि कविता हेच त्याचे दोन आश्रम उरले.

शब्दाच्या अर्थाची उलटापालट झाली ती ह्या टप्प्यावर. घरातून आणि बाजारातून 'दाऊ' उठून गेला आणि देवळात तेवढा राहिला. तेव्हा देवळाचे सोवळे त्याला चिकटले. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलात मात्र तसे काहीच नव्हते. त्या भाषांतराने, आणि त्यापूर्वी विल्यम टिंडल ह्यांनी (त्यांचा इंग्रजी नवा करार १५२६ चा), मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतील वचन पाळले. त्या भाषांत आदरार्थी अनेकवचन नाही. म्हणून तेथे देव 'दाऊ', सैतानही 'दाऊ'. राजा 'दाऊ' आणि भिकारीही 'दाऊ'. एक असेल तेथे 'दाऊ', अनेक असतील तेथे 'यी'. मानाचा प्रश्नच नाही. ते भाषांतर प्रसिद्ध झाले तेव्हाही बोलण्यातील रूढी वेगळी झालेली होती. भाषांतरकारांनी मूळ संहितेच्या निष्ठेपायी जुना वचनभेद जपला. पुढे बोलीतील 'दाऊ' नाहीसा झाल्यावर वाचकाला तो शब्द फक्त ह्याच ग्रंथात भेटू लागला आणि ग्रंथाचे गांभीर्य शब्दाचे गांभीर्य ठरले. उलटापालट किती पूर्ण झाली, हे १९५२ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या सुधारित अमेरिकी आवृत्तीत दिसते. तीत माणसांसाठी सर्वत्र 'यू' केले गेले आणि देवाला संबोधताना तेवढा 'दाऊ' राखला गेला. १६११ मध्ये जो शब्द देवाला आणि गुलामाला समान होता, तो आता देवाची राखीव मिळकत झाला. १९८९ च्या पुढील आवृत्तीने तीही काढून घेतली.

मराठीत हा प्रवास झाला नाही, आणि म्हणूनच मराठी वाचकाने त्याची नक्कल करण्याचे कारण नाही. नामदेव, जनाबाई, तुकाराम विठ्ठलाशी एकेरीत बोलतात. रुसतात, भांडतात, प्रसंगी त्याची खरडपट्टी काढतात, आणि त्या बोलण्यात 'आपण' आले असते तर अभंगाचा प्राणच गेला असता. मराठी ख्रिस्ती प्रार्थनाही देवाला 'तू'च म्हणते. देवाला 'तू' आणि गावच्या पाटलाला 'तुम्ही' ह्यात मराठी भाषकाला कधी विसंगती वाटली नाही. देवाच्या बाबतीत एकेरी ही कमतरता नसून जवळीक आहे, हे त्याला शिकवावे लागत नाही. कीट्स आणि शेली ह्यांच्या १८१९-२० च्या उद्देशिकांतील 'दाऊ'कडेही ह्याच कानाने पाहता येईल. प्राचीन कलश, पश्चिमेचा वारा, आकाशात गाणारा पक्षी ह्यांना उद्देशून आलेला तो शब्द त्या काळी काव्यरूढीचा होता हे खरे. परंतु त्या रूढीच्या मुळाशी सलगीच आहे. मराठी कवी वाऱ्याला 'तू' म्हणतो, 'आपण' म्हणत नाही.

बायबलातील वचनभेद हा केवळ व्याकरणाचा बारकावा नाही. त्यावर अर्थ अवलंबून असतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात येशू शिमोनाशी बोलत असताना सैतानाने कोणाला मागून घेतले आहे, हे सांगताना अनेकवचन येते, आणि लगेच पुढे प्रार्थना कोणासाठी केली, हे सांगताना एकवचन येते. संकट सर्व शिष्यांवर आहे, प्रार्थना एका शिमोनासाठी आहे. आधुनिक इंग्रजीत दोन्हीकडे 'यू' आल्यामुळे हा अर्थ नाहीसा होतो. १६११ च्या इंग्रजीत तो शाबूत आहे. मराठीत 'तुम्हांला' आणि 'तुझ्यासाठी' असे म्हणताच तो आपोआप उभा राहतो. ह्या ठिकाणी आजच्या इंग्रजीहून मराठी अधिक सक्षम आहे.

परंतु हे नेहमीच इतके सरळ नसते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम रात्री येशूला भेटावयास येतो. निकदेम हा वयाने आणि मानाने मोठा, लोकांचा अधिकारी, शिक्षक. संवाद दोघांचा आहे. तरी येशू बोलता बोलता एकवचनावरून अनेकवचनावर जातो. नव्याने जन्मण्याची आवश्यकता तो 'तुला' सांगत आहे, पण ती आवश्यकता 'तुम्हां' सर्वांची आहे. इंग्रजी संहितेत 'दी' आणि 'यी' एकाच वाक्यात शेजारी शेजारी उभे आहेत. मराठी भाषांतरकार सामाजिक औचित्य पाहून निकदेमाला 'तुम्ही' म्हणू लागला, तर एका वृद्धाकडून सर्व जनांकडे होणारे ते संक्रमण बुजून जाईल, कारण मराठीतील 'तुम्ही' एकाच वेळी आदराचे आणि अनेकत्वाचे काम करते. 'तू' म्हटले, तर एका तरुण उपदेशकाने वडीलधाऱ्याला एकेरी संबोधल्यासारखे मराठी कानाला वाटेल. अर्थ राखावा की औचित्य, असा हा पेच आहे. धर्मग्रंथाच्या भाषांतरात अर्थाच्या बाजूने कौल द्यावा हे उचित. कारण मूळ भाषेत ते औचित्य नाहीच, आणि मराठी वाचकही पोथी-पुराणातील ऋषींच्या तोंडी राजाला 'तू' ऐकण्यास सरावलेला आहे.

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा सोपा नियम काढील, की 'दाऊ' दिसल्यास 'तू' लिहावे आणि 'यी' किंवा 'यू' दिसल्यास 'तुम्ही'. हा नियम पहिल्या चुकीइतकाच घातक ठरेल. बायबलापुरता तो बहुतांशी चालेल. नाटकात चालणार नाही, कारण एलिझाबेथकालीन इंग्रजीतील सर्वनामे मराठीइतकी स्थिर नव्हती. मराठीत एकदा ठरलेले नाते सहसा आपले सर्वनाम सोडत नाही. ते सुटते तेव्हा काहीतरी मोठे घडलेले असते. शेक्सपियरची पात्रे चार ओळींत दोनदा सर्वनाम बदलतात. कधी त्यामागे हेतू असतो, कधी नसतोही. प्रत्येक बदलात मानसशास्त्र शोधणारी समीक्षा इंग्रजीत पुष्कळ झाली आहे आणि तिच्यातील काही भाग कष्टाने ताणलेला आहे.

शिवाय दोन समाजांतील नात्यांचे नकाशे जुळत नाहीत. 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकातील राणीच्या महालाचा प्रवेश ह्या दृष्टीने वर्गात अवश्य घ्यावा. गोपाळ गणेश आगरकर ह्यांच्या 'विकारविलसित' (१८८३) पासून हे नाटक मराठीत आहे आणि पदव्युत्तर वर्गांना ते परिचित असते. राणी मुलाची कानउघाडणी 'दाऊ'ने सुरू करते, जशी कोणतीही आई करील. मुलगा तेच वाक्य उलटवून परत फेकतो, पण 'यू'ने. राणी लगेच स्वतः 'यू'वर जाते; आईची जागा राणी घेते, स्वर थंड होतो. दोन-चार देवाणघेवाणींतच मुलाचा आवेश पाहून ती भ्याली, की पुन्हा 'दाऊ' तिच्या तोंडून निघतो. आता हे मराठीत कसे आणावयाचे? सामान्य मराठी घरात मुलगा आईला 'तू' म्हणतो आणि वडिलांना 'तुम्ही'. अलीकडे शहरांतून वडीलही 'अरे बाबा' झाले आहेत. आई आणि मुलगा दोघेही 'तू'वर असतील तर प्रवेशातील हालचाल सपाट होते. मुलाच्या तोंडी नुसते 'तुम्ही' घातले तर ते ओढूनताणून आणल्यासारखे वाटते. मार्ग मराठीतच आहे. मराठेशाहीच्या घराण्यांत आईला 'आईसाहेब', 'मासाहेब' म्हणण्याची आणि तिच्याशी आदरार्थी बोलण्याची रीत होती. हॅम्लेटच्या तोंडी ती रीत घातली, की त्याचा 'यू' स्वाभाविकही होतो आणि त्यातील बोचरा दुरावाही शिल्लक राहतो. राणीने 'तू' टाकून 'युवराज, आपण' असे म्हणताच प्रेक्षागृहातील शेवटच्या रांगेपर्यंत तो गारठा पोहोचेल. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशा तीन पायऱ्या मराठीत आहेत. शेक्सपियरच्या इंग्रजीत दोनच होत्या. भाषांतरकाराने त्या तिसऱ्या पायरीचा उपयोग करण्यास संकोच करू नये.

'किंग लिअर'मध्ये हा प्रश्न आणखी टोकाला जातो. विंदा करंदीकर ह्यांच्या 'राजा लिअर' (१९७४) मुळे हे नाटक मराठी अभ्यासक्रमाच्या कक्षेत आले. त्याच्या अध्यापनात इंग्रजी संहिता शेजारी ठेवून सर्वनामांचा तेवढा पाठ घेतला तरी एक तास सत्कारणी लागेल. पहिल्याच प्रवेशात लिअर थोरल्या दोन मुलींना वाटणी देताना 'दाऊ' वापरतो आणि सर्वांत लाडक्या कॉर्डीलियाला 'यू' म्हणून बोलावतो. 'दाऊ' म्हणजे माया, असे समीकरण पाठ केलेला विद्यार्थी येथेच अडखळेल. कॉर्डीलियाच्या उत्तराने बाप दुखावतो, काही क्षण 'यू'वरच सावरून राहतो, आणि मग 'दाय' ह्या रूपाने एकेरीवर घसरतो. ते एकेरी आता शापाचे आहे. त्यानंतर केंट मध्ये पडतो. राजाला आजवर कोणकोणत्या नात्यांनी मानले, ते तो विधिपूर्वक सांगतो, आणि राजा ऐकत नाही असे दिसताच 'दाऊ' म्हणून, शिवाय 'म्हाताऱ्या' असे म्हणून, त्याला रोखू पाहतो. दरबारातील सरदाराने राजाला केलेले हे अरे-तुरे म्हणजे हातघाईचा प्रसंग आहे.

मराठीत मात्र एक अडचण आहे. आख्याने, पुराणे आणि संस्कृत नाटकांची भाषांतरे ह्यांतून 'हे राजा, तू' ह्या वळणाची इतकी सवय झाली आहे, की राजाला 'तू' म्हणणे हा अपमान आहे, असे मराठी वाचकाला वाटेलच असे नाही. म्हणून केंटच्या त्या वाक्याचा घाव त्या वाक्यात घडवून चालत नाही. तो त्याच्या आधी घडवावा लागतो. दरबारातील प्रत्येक पात्राने लिअरशी 'महाराज, आपण' ह्या रीतीनेच बोलले पाहिजे, केंटनेही. आणि ती रीत एकदा कानात बसली, की मग ती मोडावी. जो भाषांतरकार सुरुवातीपासूनच पौराणिक एकेरीत दरबार उभा करतो, त्याच्या हाती केंटचा उद्रेक लागत नाही. भाषांतराच्या परीक्षणात हा निकष अधिक वेळा वापरला जावा. सध्या शेक्सपियरच्या मराठी रूपांची चिकित्सा प्रतिमा, वृत्त आणि सांस्कृतिक संदर्भ ह्यांच्यापाशी घुटमळते. सर्वनामांचा विचार झालाच तर तळटीपेत होतो. वास्तविक रंगभूमीवर प्रतिमेच्या आधी सर्वनाम ऐकू येते.

त्याच नाटकाच्या चौथ्या अंकाच्या अखेरीस वेडातून शुद्धीवर आलेला लिअर मुलीसमोर येतो. तिला ओळखताच तो तिच्याशी 'यू'ने बोलू लागतो. तिचे अश्रू, तिने दिल्यास प्यावयाचे विष, तिच्या बहिणींचे वर्तन, शेवटी मागितलेली क्षमा, सगळीकडे आदरार्थी. बापाने मुलीशी असे बोलावे, ह्यातील शरम आणि नम्रता पकडण्यासाठी मराठीत 'तुम्ही' वापरणे धाडसाचे होईल. सबंध नाटकात दुसरीकडे कोठेही मुलीला 'तुम्ही' न म्हणणाऱ्या भाषांतरातच ते शोभेल, आणि त्यासाठी पहिल्या प्रवेशातील 'यू' सोडून देण्याची तयारी हवी. पाचव्या अंकात दोघांना तुरुंगाकडे नेले जात असताना लिअर पुन्हा 'दाऊ'वर येतो, आणि तिचे कलेवर हातांत घेतल्यावरही तो त्याच सर्वनामाने तिला हाक मारतो. पहिल्या अंकात ज्या शब्दाने शाप दिला होता, तोच हा शब्द. मराठीत दोन्ही ठिकाणी 'तू'च येईल, आणि येथे भाषांतरकाराला काहीच गमवावे लागत नाही.